अंग तांब्याचं, डोकं पितळेचं

थंडी पडली हे मला अंगाआधी घंगाळावरून कळतं. सकाळी दुकानाच्या फळ्या काढाव्यात, सवयीनं दारातल्या तांब्याच्या घंगाळावर हात ठेवावा आणि तो चटकन मागे यावा, की समजावं मार्गशीर्ष आला. परवा असाच हात मागे घेतला आणि तेवढ्यात वरून आवाज आला. आमची आळी तांबटांची. इथे सकाळपासून ठोक्याला ठोका लागलेला असतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी करावं लागतं. पण हा आवाज त्या सगळ्या ठोक्यांच्या वरून जातो. कर्र, कर्र, कर्र. करकोचे निघाले होते, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, अंगाअंगानं खाली. ओढलेल्या धनुष्यासारखी लांबलचक रांग, आणि तिचं एक टोक सारखं विस्कटून पुन्हा नीट होणारं. मी मान वर करून रस्त्यात आलो, मागे मागे सरकत गेलो आणि शेजाऱ्याच्या हंड्यांच्या उतरंडीत बसलो. पडलो म्हणत नाही मी, बसलो म्हणतो. घरात मात्र बातमी ‘पडले’ अशीच पोचली होती.

करकोचे त्या अंगानं गेले म्हणजे नांदूरला गेले. निफाडच्या पुढे गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, तिथे सरकारनं बंधारा बांधून पाणी अडवलं आहे, आणि हिवाळ्यात त्या पाण्यावर पाखरांची जत्रा भरते. आणि नांदूर म्हटलं की मला आमच्या गोदूच्या लग्नाचा हिवाळा आठवतो. गोदू म्हणजे माझी थोरली लेक. यंदा ती माहेरी आली आहे. मी हे लिहितोय तेव्हा ओसरीवर पोराला तेल चोळत बसली आहे. मध्येच विचारते, काय लिहिता? मी सांगतो, हिवाळा. ती म्हणते, मग माझं नाव कशाला आलं त्यात? आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आणि ती दुरुस्त करायचं काम बाकी सगळ्यांकडे, अशी वाटणी फार जुनी आहे.

माझा धंदा भांड्यांचा. दुकान नाशकात, पण खरी विक्री आठवडी बाजारांत. मिशा काळ्या होत्या तेव्हापासून मी बैलगाडीत हंडे, कळशा, पराती भरून येवला, सटाणा, पेठ, त्र्यंबक असा हिंडतो आहे. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातला एकूण एक प्राणी मी पाहिला आहे, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगतो. तो पाठमोरा पाहिला आहे, एवढं सांगत नाही. भांड्यांनी भरलेली गाडी खडकाळ वाटेनं जाताना जो नाद करते, तो ऐकून थांबेल असा प्राणी देवानं अजून घडवलेला नाही.

येवल्याच्या पूर्वेला माळ आहे, ममदापूर-राजापूरकडे. झाड नाही, डोंगर नाही, नुसतं पिवळं गवत आणि त्यावर आभाळ. त्या माळावर काळविटांचे कळप असतात. नर असा काळा, की दौतीत बुडवून काढला आणि पोटाकडे येता येता शाई संपली. माझी गाडी वळणावर आली की कळपातलं एक हरण उगाच उंच उडी मारतं. त्यानं मारली म्हणून दुसरं मारतं. मग सगळा माळ चुलीवरच्या आधणासारखा उसळायला लागतो, आणि आधण उतरावं तसा एकदम शांत होतो. समोर फक्त गवत हलत असतं. बैल माझ्याकडे बघतात, मी बैलांकडे.

त्र्यंबकची गोष्ट उलटी. तिथे अंजनेरीच्या आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांवर गिधाडं बसतात, श्राद्धाच्या पंगतीला वेळेआधी येऊन टेकलेल्या वडीलधाऱ्यांसारखी, माना खांद्यांत घालून. माझी भांडी ऐकून न उठणारी एवढीच मंडळी. उठत नाहीत, गाडी चढणीला लागली की मान बाहेर काढून जरा आशेनं माझ्याकडे पाहतात. पण तीच गिधाडं दुपारी उन्हाचा झोत पकडून वर निघाली की मी गाडी थांबवतो. पंख हलवत नाहीत. कडा, देऊळ, मी, सगळं खाली सोडून गोल गोल वर जातात, आणि इतक्या कुरूप पाखराला इतकं सुंदर जाता येतं याचा मला दरवेळी नव्यानं अभिमान वाटतो. जणू काही मीच शिकवलं.

सटाण्याच्या पुढे, साल्हेर-मुल्हेरच्या अंगाला, अस्वलं आहेत. मोहाची फुलं पडायला लागली की ती डोंगर उतरून खाली येतात. तिकडची बोली अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी, आणि माणसं कमी बोलणारी. एकदा चढावर गाडी सोडून मी झाडाखाली भाकरी खात बसलो होतो. मोहाखाली फुलं वेचणाऱ्या एका म्हातारबाबांना सहज विचारलं, बाबा, इकडे अस्वल आहे का? त्यांनी टोपलीतून मान वर न काढता सांगितलं, “शे ना. तुमना मांगेच शे.” त्या दिवशी माझ्यात आणि अस्वलात कोण कुणाला पाठमोरं दिसलं, हे सांगायला नकोच.

पेठेकडच्या डोंगरात वाघ आहे, ठिपक्यांचा, म्हणजे बिबळ्या. तिथे माझं मुक्कामाचं घर एका कोकणा शेतकऱ्याचं, नागलीच्या खाचरांच्या कडेला. शिवेवर लाकडी फळीचा वाघदेव उभा आहे. फळीवर वाघ, वर चंद्र आणि सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा गुराखी त्याला नारळ फोडतात आणि आमच्या गुरांकडे वळू नकोस म्हणून विनवतात. मी त्या घरधन्याला म्हटलं, मला एकदा दाखव ना. तो म्हणाला, “आपून त्याला बघाय नाय जायचा. त्याच्या मनात येल तवा तो आपल्याला बघल.” तेव्हापासून मी धरून चाललो आहे की तो मला पाहून गेला असावा. ओळख एका बाजूनं तरी झाली.

नाशिक म्हटलं की बाहेरचा माणूस देवळं म्हणतो, घाट म्हणतो, फार तर पितळेची भांडी म्हणतो. कुणी असं म्हणत नाही, की या जिल्ह्याच्या एका अंगाला कोकणाशी गळाभेट करणारं ओलं रान आहे, दुसऱ्या अंगाला खानदेशाचे उघडे डोंगर आहेत, तिसरीकडे काळविटांचा माळ आहे आणि मधून गंगा वाहते. एकाच गाडीवाटेवर चार मुलखांचे प्राणी. मला हे म्हणायची सवय आहे, आणि त्या सवयीपायीच गोदूचं लग्न जमलं आणि मोडता मोडताही राहिलं.

व्याही अमरावतीचे. सागाच्या लाकडाचे मोठे व्यापारी, मेळघाटात त्यांचे लाकडाचे ठेके. मुलगा त्यांच्याच धंद्यात. पावसाळा सोडला तर रानातल्या वखारीवर राहणारा. मुलगी पाहायला आले तेव्हा मुलगा खाली मान घालून बसला आणि मेळघाट व्याह्यांनीच उलगडला. तिथला पट्ट्यांचा वाघ, तिथला रानगवा, एकेक गवा म्हणजे चालती वखार. मला राहवेना. मीही आमचे प्राणी एकेक करून बैठकीत उभे केले. काळवीट झालं, अस्वल झालं, बिबळ्या झाला. पोहे यायला उशीर होत होता म्हणून गिधाडंही झाली. मुलगी दाखवायच्या वेळी बापानं गिधाडाचं वर्णन केलं, हे आमची ही अजून सुनावते.

व्याही सगळं ऐकून घेऊन हसले. म्हणाले, “हे तर आमच्याकडेही आहे बाप्पा. तुमच्याकडे असं काय आहे, जे आमच्याकडे नाही?”

मी पुन्हा काळविटापासून मोजायला लागलो. आणि पोह्यांचं तबक घेऊन आलेली गोदू, जिनं त्या दिवशी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नव्हतं, ती म्हणाली, “तांब्याचं बदक.”

त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी तिला नांदूरला घेऊन गेलो होतो. बाजाराच्या वाटेवर होतं म्हणून, दुसरं काही नाही. सकाळचं धुकं पाण्यावरून सुटत होतं आणि काठाच्या चिखलात मोठी बदकं चरत होती, जोडी जोडीनं. ऊन पडलं तसा त्यांचा रंग उघडला. आमच्या घरी जन्मलेल्या मुलीला तो रंग ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. चिंच लावून घासलेल्या नव्या तांब्याचा रंग. आणि डोकं मात्र फिकं, पितळेचं. नराच्या गळ्याशी बारीक काळी रेघ, पोत घातल्यासारखी; या जातीत मंगळसूत्र नवऱ्याच्या गळ्यात दिसतंय, असं मी म्हणालो होतो. गोदू हसली नव्हती. ती बघतच होती. मग म्हणाली होती, बाबा, हे आपल्या दुकानातलं पाखरू आहे. त्याचं नाव काय, हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. आपल्या घरच्या वस्तूचं नाव कुणी बाहेर विचारतं का?

बैठकीत हे सगळं सांगून झालं. व्याही मांडीवर थाप मारून म्हणाले, मुलगी पसंत, पण ते तांब्याचं बदक रुखवतात मांडलेलं दिसलं पाहिजे. त्यांनी ते थट्टेत म्हटलं. आम्ही ते थट्टेत घेतलं नाही. जिवंत बदक रुखवतात मांडता येत नाही, एवढी अक्कल मलाही होती, पण गोदूनं दुसऱ्याच दिवशी तोड काढली. तिला पैठणी घ्यायची होतीच. तिच्या पदरावर ते विणून घ्यायचं.

येवल्याचे कासमभाई विणकर माझे जुने गिऱ्हाईक. माझ्याकडून भांडी घेताना प्रत्येक भांडं वाजवून घेणार, आणि मी त्यांचा माग पाहायला गेलो की मला चपला लांब काढायला लावणार. स्वतःच्या कामावर ते माझ्याइतकेच खूश. फरक इतकाच, की त्यांना तसं कारण होतं. बदक म्हटल्याबरोबर त्यांनी हात मागावरून काढून घेतले. “शेठ, मोर विणतो. मुनिया विणतो. म्हणाल तर पोपटाची अख्खी शाळा विणतो. नवरीच्या पदरावर बदक घातलं तर येवल्यात मला कोणी सलाम नाय करायचा.”

मी वाद घालायला बसलो. गोदूनं वाद घातला नाही, वर्णन केलं. अंग तांब्याचं, डोकं पितळेचं, पंखाची टोकं काळी, उडताना पंखावर पांढरा पट्टा. ऐकता ऐकता कासमभाई सावरून बसले. “अरे, मग बदक काय म्हणतेस बेटी? सुरखाब म्हण.” आणि मग आम्हालाच सुरखाब कोण ते सांगत बसले. त्यांच्या घरात कुणी फार तोरा दाखवला की विचारतात, तुला काय सुरखाबचे पर लागलेत? म्हणजे ज्याचं एक पीस अंगावर असलं तर माणूस दहांत उठून दिसतो, असं ते पाखरू. वाडवडिलांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. आता तेच मागे लागले, चला, मला दाखवा, पाहिल्याशिवाय मी हात लावणार नाही.

त्या खेपेला गाडी रिकामी नेली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गाडीला आवाज नव्हता आणि मलाच वाटेत चुकल्यासारखं होत होतं. कासमभाई मांडीवर रेशमाच्या लडी घेऊन बसले होते; केशरी, शेंदरी, विटकरी, हळदी, एकाच रंगाच्या चुलत-मावस बहिणी. नांदूरला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. त्यांनी एकेक लड उचलून हात लांब केला आणि एक डोळा मिटून ती त्या पाखरांशेजारी धरली. ऊन चढलं तसा पाखरांचा रंग बदलला आणि निवडलेली लड त्यांनी खाली ठेवली. पुन्हा दुसरी. पुन्हा तिसरी. मी म्हटलं, कासमभाई, कोणता तरी एक घ्या. ते म्हणाले, “सकाळचा विणू की दुपारचा, ते तिला विचारा.” गोदू म्हणाली, आत्ताचा. म्हणून त्या पैठणीवर आहे तो रंग नांदूरच्या सकाळचा आहे, आणि हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. तुम्ही पैठणी पुष्कळ पाहिल्या असतील. पदरावर नांदूरची सकाळ असलेली एकच आहे.

(गोदू ओसरीवरून म्हणते, मी ‘आत्ताचा’ म्हणाले नव्हते, ‘हा’ म्हणाले होते. वाचणाऱ्यांनी दुरुस्त करून घ्यावं.)

पैठणी विणून आली. जांभळ्या अंगावर जरीचा पदर आणि पदरावर समोरासमोर तोंड केलेल्या तांब्याच्या जोड्या. आळीतली बायामाणसं बघून गेली. तांबटांनी ठोके थांबवून पाहिली, आणि एक म्हातारे तांबट म्हणाले की हा रंग आमच्या हातून एवढा सारखा येत नाही. मी आठ-पंधरा दिवस जमिनीवर नव्हतो.

साखरपुड्याच्या आधी व्याही पुन्हा आले ते थोरल्या बहिणीला घेऊन. आमच्या जावयांच्या या आत्याबाई. पांढऱ्या लुगड्यातल्या, सडपातळ, ताठ. अगदी लहानपणी नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच राहिलेल्या. भावाचं सगळं घर त्यांच्या शब्दावर चालतं. पोथ्या आणि कीर्तनं ऐकून ऐकून पुराण तोंडपाठ. मी पैठणी त्यांच्यापुढे उलगडली आणि वाहवा घ्यायला तयार होऊन बसलो. त्यांनी पदरावर हात फिरवला. एका पाखरावर बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

“हा चकवा होय,” त्या म्हणाल्या. “चक्रवाक. शाप आहे यांना, दिवस मावळला की जोडी तुटते. एक या काठी, एक त्या काठी, आणि उजाडेपर्यंत नुसत्या हाका. हे नवरीच्या अंगावर?”

चक्रवाक शब्द मी ऐकला होता. कीर्तनात, पुराणात, जन्मभर ऐकला होता. तो कुठेतरी स्वर्गाच्या आसपास राहत असावा असं मी समजत होतो. तो निफाड तालुक्यात चिखलात चरत असेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही त्याला आमचं तांब्याचं म्हणालो, कासमभाई मानाचं सुरखाब म्हणाले, आणि आत्याबाईंनी त्याचं पोथीतलं नाव घेतल्याबरोबर त्याच पदरावर ताटातूट दिसायला लागली. पाखरू एकच. बसलं होतं तिथेच बसलेलं.

आत्याबाईंनी सरळ सांगितलं, पदर कापून काढा आणि दुसरा जोडा, नाहीतर ही पैठणी आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. व्याही सुपारी कातरत राहिले. मी नवा पदर कुठून, किती दिवसांत, असं काहीतरी पुटपुटायला लागलो होतो. म्हणजे मी वाकलो होतो. मुलीचा बाप, वाकायचं नाही तर काय करायचं?

गोदू आतून आली. बसली नाही. आत्याबाईंकडे न बघता पदराकडे बघत म्हणाली, “आत्याबाई, तुमचे भाचे पावसाळा सोडला तर रानातच असतात, ते ठाऊक असून मी होय म्हटलं. ताटातूट पदरावर आहे म्हणून येणार नाही, आणि पदर कापला म्हणून टळणार नाही. मला हा पदर हवा आहे.”

व्याह्यांचा अडकित्ता थांबला. आमची ही दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. लग्न मोडलं, असं मला स्वच्छ वाटलं. आत्याबाईंनी बराच वेळ पैठणीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग विचारलं, “कुठे दिसतं हे पाखरू?”

या प्रश्नावर मी आजवर कधीही गप्प राहिलेलो नाही. मी सांगून मोकळा झालो, नांदूरला, मी दाखवतो. त्यांनी विचारलं, देऊळ आहे का तिथे? म्हटलं, आहे, नदीच्या पात्रातच मध्यमेश्वराचं आहे. मग त्या म्हणाल्या की त्र्यंबकेश्वर केलंच आहे, हाही देव करू. आणि अट घातली. संध्याकाळपर्यंत बसायचं. जोडी वेगळी झाली तर पदर कापायचा, आणि पुन्हा त्यावर शब्द काढायचा नाही. गोदू म्हणाली, बरं.

आता माझी अडचण अशी, की नांदूरच्या पाखरांविषयी मी वाटेल तितकं बोलू शकत होतो, पण संध्याकाळी ती काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. माझी गाडी नेहमी उन्हं असताना निघायची.

निफाडपर्यंत आगगाडीनं गेलो, पुढे बैलगाडीनं. वाटेत गव्हाच्या शेतांवर थवे उतरत होते, राखणदार गोफणी फिरवत होते, आणि मी सवयीनं बोटं दाखवत होतो. हे करकोचे, ती टिटवी, ते पाणकावळे. कुणी बघत नव्हतं. आत्याबाईंनी देवाचं दर्शन घेतलं, पाण्यात उभ्या देवळाला वाकून तीर्थ घेतलं आणि काठाच्या दगडावर घोंगडं टाकून बसल्या. शेजारी गोदू. मागे मी आणि व्याही.

जोडी समोरच होती. चिखलाच्या लहानशा उंचवट्यावर, दोन हंडे शेजारी शेजारी ठेवावेत तशी. सूर्य टेकला तसा त्यांचा रंग असा काही पेटला, की आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं, रंग खरा तुमच्या भांड्यांचा आहे. मला बरं वाटलं, पण क्षणभरच. बाकी सगळं पाणी हलत होतं. बदकांचे थवे शिट्ट्या घालत उठत होते, लांब पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी गुलाबीचे राखी होत होते, करकोचे रात्रीच्या जागेवर परतत होते. आमच्या नाशकाचं सगळं वैभव चहूबाजूंनी उतरत होतं आणि मी मनातल्या मनात दोनच पाखरांना विनवत होतो, हलू नका.

नर हलला. मान वर केली, दोन पावलं चालला आणि उडाला. आंग, असा त्याचा आवाज पाण्यावरून लांब गेला. पंखांवरचा पांढरा पट्टा अंधुक उजेडात चमकला आणि विझला.

“गेला,” व्याही म्हणाले. हे त्यांनी सांगायची काही गरज नव्हती.

गोदूनं मान खाली घातली नाही. तिनं फक्त गुडघ्यावरचं लुगडं मुठीत धरलं. आत्याबाईंनी मान न वळवता मला विचारलं, कुठे गेला? मी पलीकडे म्हणालो.

“पलीकडच्या काठाला?”

मी बोट उचललं. उभा जिल्हा या बोटानं दाखवलेला मी. म्हटलं, तिकडे. त्या म्हणाल्या, ते तर बेट दिसतंय. खरंच बेट होतं. त्याच्या मागे? त्याच्या मागे पाणकणसं. त्यांच्या मागे पुन्हा पाणी. त्याच्या पुढे काय? म्हटलं, गाळ असावा, आणि त्याच्या पलीकडे कादवेचं अंग. म्हणजे तो काठ? मी म्हटलं, नाही, कादवेला पुन्हा मध्ये बेटं आहेत. बंधाऱ्यानं पाणी अडलं, वरून गाळ आला, तेव्हापासून दोन्ही नद्या एकमेकींत अशा पसरल्यात की कुठे काय संपतं ते सांगता येत नाही. बोट हवेत तसंच राहिलं आणि काठ काही सापडेना. पोरीच्या लग्नाची वेळ आणि मला साधा नदीचा काठ दाखवता येत नव्हता.

अंधारातून एक आवाज आला. समोरच्या उंचवट्यावरच्या मादीनं तिथूनच त्याला उत्तर दिलं. मग पुन्हा तो. दोघांत फार अंतर नसावं, किंवा असावं. पाण्यावर कळत नाही.

आत्याबाईंनी कान आवाजाच्या दिशेला केला. त्यांना त्यांच्या नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, असं व्याही मला गाडीत म्हणाले होते. आता त्या बोलल्या ते पुराण सांगताना बोलायच्या त्याच आवाजात.

“पोथीत दोन काठ आहेत,” त्या म्हणाल्या. “एक अलीकडला, एक पलीकडला. इथे पलीकडला काठच नाही. पाणी, गाळ, पाणी, गाळ. मग शाप यांना लागेल कुठून?”

व्याही म्हणाले, “पण अक्का, तो उडाला तर खरा.”

“उडाला. पोटापाण्याला गेला असेल. पुरुषमाणसानं कामावर जायचं नाही का रे? ती हाक देते, तो ओ देतो. आणखी काय पाहिजे?” मग गोदूकडे वळून, “नेस तो पदर. लग्नाच्या दिवशीच नेस.”

आमच्या नाशकाच्या पाण्यात येऊन चक्रवाकसुद्धा शापातून सुटतो, एवढंच माझ्या मनात आलं. गोदू उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि वाकून आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मान तिच्या डोक्यावरून बाजूला काढली.

“हो, हो, नमस्कार मग कर,” त्या म्हणाल्या. “आत्ता जरा सरक. ती चकवी दिसत नाहीये मला.”